अड्याळच्या सुगतचं डावं वळण

माझा नवरा मोटरसायकल हळू चालवतो. एवढं साधं वाक्य मी अड्याळच्या बसस्टँडवर, लक्ष्मणरावांच्या चहाच्या टपरीपुढं उभी राहून म्हटलं असतं, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. कारण आमच्या गावात आणि आसपासच्या सगळ्या खेड्यांत सुगत म्हणजे वारा. 'सुगतभाऊच्या पुढं कोनी जाते का बे?' असं तिथली शेंबडी पोरंही म्हणतात. आणि मी त्याची बायको, लग्नापासून त्याच्या मागच्या सीटवर बसत आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज पोरांना 'खरं बोला' म्हणून दटावणारी मास्तरीण, इतकी वर्षं तोंड शिवून बसले होते.

घरात मी त्याचं नाव घेत नाही, 'अहो'वर भागवते. पण लिहिताना 'आमचे हे, आमचे हे' असं किती वेळा लिहायचं? तेव्हा इथं तो सुगत, आणि अहोजाहोही नाही. त्याला चालेल. नाही चाललं तरी तो चालवून घेईल, माझा स्वभाव त्याला चांगला ठाऊक आहे.

हा वारा सुटला कसा, ते आधी सांगते. आमची खुशबू तेव्हा दुसरीत होती. गावात पट भरला होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा जोड्या पळायच्या आणि दिवस मावळला की नाटक, ही आमच्या झाडीपट्टीची रीत. त्या वर्षी नाटक कंपनीचे ऑर्गन वाजवणारे पुंडलिकराव पवनीला अडकले. बस निघून गेलेली. इकडं मांडव खच्चून भरलेला, नटांच्या तोंडाला रंग लागलेला, आणि ऑर्गनपुढची खुर्ची रिकामी. ऑर्गनशिवाय नाटक म्हणजे आमच्याकडं लोक खुर्च्या फेकतील असा प्रकार. सुगत माझ्या शेजारून उठला, 'आनतो मी' म्हणाला, आणि किक मारून गेला. लोकांनी एकेक चहा घेतला, दुसरा मागवला, आणि तो दुसरा चहा हातात येतो न येतो तोच सुगत पुंडलिकरावांना मागं बसवून मांडवात हजर! शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरड. कंपनीच्या मॅनेजरनं माइकवर ओरडून सांगितलं की पवनीला जाऊन परत यायला वाऱ्यालाही इतकाच वेळ लागतो.

आता खरं काय झालं होतं? पुंडलिकराव काही पवनीत हातावर हात धरून बसले नव्हते. ते धानाच्या ट्रॅक्टरवर बसून अर्ध्या वाटेवरच्या राइस मिलपर्यंत आले होते. सुगतला ते मिलच्या फाटकापाशीच सापडले. घरी आल्यावर बूट काढता काढता त्यानंच मला हसत हसत हे सांगितलं.

"मंग सांगतलं काहून नाही लोकायले?" मी विचारलं.

"माइकवर बोलून टाकलं न त्यायनं. आता मी का माइक हिसकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरं सांगणार होता. पण लक्ष्मणरावांनी चहा दिला तो स्वतः उठून, कप पुसून, आणि आजूबाजूचे चार जण बाकावरून सरकून बसले. सुगतनं चहा प्यायला आणि तो घरी आला. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतर सांगायची वेळच निघून गेली.

माझा नवरा फुशारक्या मारणाऱ्यातला नाही, हेही सांगून ठेवते. तो सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक त्याला डाक्तर म्हणतात. कुणाची गाय अडली, कुणाच्या म्हशीला ताप आला, कुणाला गाय भरवायची आहे, की सुगतला फोन. त्याच्या गाडीच्या डाव्या बाजूला एक लोखंडी अडकवा आहे आणि त्यात नायट्रोजनची टाकी. दुधाच्या कॅनसारखी दिसते, पण आत चांगल्या वळूंचं वीर्य गोठवून ठेवलेलं असतं. टाकी कलंडली, आदळली, की आतला थंडावा उडून जातो आणि सगळा माल वाया. त्यामुळं सोमवार ते शनिवार तो ती टाकी सांभाळत गावोगाव जातो, आणि रविवारी टाकी घरी ठेवून तिच्या जागी मी बसते. मी साडी नेसते, म्हणून एका बाजूला पाय सोडून. डाव्याच बाजूला.

असा माणूस जोरात कसा चालवेल? तो हळूच चालवतो. त्याला स्कूटीवाल्या पोरी ओलांडून जातात, लुनावरचे म्हातारे जातात. आणि कुणी टपरीवर विचारलंच की 'डाक्तर, काल तो अमका तुमच्या पुढं गेला म्हन्ते', तर सुगतचं उत्तर ठरलेलं असायचं: "गाय आडवी आली." लोकांना पटायचं. गायींचा डॉक्टर गायीला हॉर्न मारून थोडाच पुढं जाणार?

मला याचा राग यायचा का? यायचा. कधी कधी हसूही यायचं. आणि कधी मागं बसून मी पुटपुटायची, 'अहो, बैलगाडी गेली पुढं, थोडा तरी गाडीचा कान पिळा!' तो आरशात बघून हसायचा आणि तसाच चालवायचा.

खुशबू आता नागपूरला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला गाडी सुगतनंच शिकवली, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. ती पडली की मी ओरडायची आणि तो म्हणायचा, 'पडू दे, पाळ नरम आहे.' नागपुरात तिनं एक जुनी दीडशे सीसीची गाडी घेतली आणि गाडीवेड्या पोरापोरींच्या एका गटात शिरली. गेल्या जानेवारीत ती शनिवारी घरी आली ती नाचतच. बॅगसुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"पप्पा! ट्रॅक! नागपूरच्या पलीकडं एका शेठनं माळावर रेसचा ट्रॅक बांधला आहे. आमच्या ग्रुपचा पुढच्या रविवारचा दिवस ठरला. शिकवणारे लोक राहतात, आपली आपली गाडी नेता येते. मी तुमचंही नाव टाकलं!"

मी टाळीच वाजवली. माझ्या सासूबाई, बायजाबाई, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "पट आहे का?"

"पटच आहे, आजी. पन गोल गोल. वळनावळनाचा. जेथून निघालो तेथीच वापस."

"वापसच यायचं आहे त जाते कायले?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनाही गंमत वाटली होती, डोळे सांगत होते.

फक्त सुगत गाडीकडं बघायला लागला. मग तो म्हणाला की टायर गुळगुळीत झाले आहेत. खुशबू म्हणाली, बदलू. तो म्हणाला, लाळ-खुरकताचं लसीकरण सुरू होणार आहे. मी म्हटलं, रविवारी जनावरांनाही सुट्टी असते. मग त्याचा गुडघा दुखायला लागला, जो त्याआधी कधी दुखल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग गाडी पडली आणि वाकली तर सोमवारी खेड्यांत जायचं कशावर, हे निघालं. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि एकही खरी नव्हती. खुशबूचं तोंड हळूहळू उतरत गेलं. शेवटी ती म्हणाली, "तुमाले माह्यासंगं यायचंच नाही, असं सांगा न सरळ," आणि आत निघून गेली.

मला असा संताप आला! पोरगी वयात आली की बापापासून दूर पळते, इथं ती बापाचा हात धरून ओढते आहे आणि हा टायर दाखवतो! मी तावातावानं मागच्या अंगणात गेले. सुगत गाडी धूत होता. सकाळीच धुतलेली गाडी.

"पडाचं भेव वाटते का?" मी विचारलं. "वाटत असन त सांगा. त्यात लाजाचं काय आहे?"

त्यानं फडका पिळला. टाकीच्या जागी गाडीचा रंग घासून गेला होता, तिथंच तो पुसत राहिला. मग म्हणाला, "तेथी गाय आडवी येत नाही, रीना."

"म्हंजे?" मी विचारलं.

"रस्त्यावर मांगं पडलो त गाय होती, टरक होता, कोनाचं धान वाळू घातलेलं होतं. तेथी का सांगू? सडक साफ. समोरून कोनी येत नाही. तेथी फकस्त मी राहीन आन् माही गाडी. आन् खुशबू पाह्यत राहीन." त्यानं फडका पुन्हा पिळला. "तिले वाटते तिचा बाप पवनीहून वाऱ्यासारखा आलता. दुसरीत होती तवापासून वाटते."

  मला त्याची कीव आली, आणि त्याच वेळी असं वाटलं की जाऊन त्या माइकवाल्या मॅनेजरला शोधून काढावं आणि दोन ठेवून द्याव्या.

तिढा सोडवला तो सासूबाईंनी. रात्री जेवताना त्या सहज म्हणाल्या, "पोरगी एकटी जाऊन राहिली. तेथी पडली त कोन उचलन?" बस. सुगतचा हात ताटातच थांबला. पडलेल्याला उचलायला जाणं हे त्याचं रोजचंच काम आहे. "मी फकस्त तुह्यावर ध्यान ठेवाले येतो," तो खुशबूला म्हणाला. ती ताटावरून उठून त्याच्या गळ्यात पडली, हाताला वरण लागलेलं तसंच.

आणि मग खरा घोळ झाला. नागपूरला परत जाता जाता खुशबूनं टपरीवर सांगितलं.

रविवारी पहाटे आम्ही निघालो तर लक्ष्मणराव झेंडूचा हार घेऊन रस्त्यात उभे. सोबत दहाबारा माणसं, थंडीत कानाला मफलर बांधून. त्यांनी गाडीच्या हँडलला हार घातला, दिव्याला कुंकू लावलं, जसं पटाला निघालेल्या जोडीला लावतात. "डाक्तर, नागपूरवाल्यायले दाखवा अड्याळ का चीज आहे ते! पयला नंबर आनजा!" मागून कुणीतरी शिट्टी घातली. सुगत हसला, पण मी मागं बसले होते, मला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ हसत नव्हती. मी पदर खोचला, नेहमीसारखे डावीकडं पाय सोडले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खुशबू तिची गाडी घेऊन नागपूरहून परस्पर ट्रॅकवर येणार होती.

ट्रॅक पाहिला आणि मी सगळं विसरले. काय सांगू! उजाड माळावर काळी कुळकुळीत सडक, एक खड्डा नाही, एक ठिगळ नाही, आणि ती अशी वळत, मुरडत, स्वतःलाच येऊन भेटलेली. वळणाच्या कडेला लालपांढरे पट्टे. पस्तीसचाळीस गाड्या एकदम सुरू झाल्या आणि माझ्या पोटात नगारा वाजायला लागला. पोरी आपल्या गाड्यांवर चढून बसल्या होत्या, टोपाच्या, म्हणजे हेल्मेटच्या, काचा वर करून हसत होत्या. मला पहिल्यांदाच वाटलं की साडी नेसून एका बाजूला बसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं की काय.

गाडीची तपासणी झाली. आरसे दुमडले, दिव्याला चिकटपट्टी लावली, हार काढून माझ्या हातात दिला. टाकीचा अडकवा बघून तपासणारा पोरगा म्हणाला, "काका, हे काय?" सुगतनं समजावलं. अडकवा पाना लावून काढला गेला. मग भाड्याचा चामडी पोशाख. त्यात सुगतला घालायला मी आणि खुशबू दोघी लागलो. पोटाची चेन ओढताना खुशबू हसून हसून खाली बसली. पण तो तयार होऊन उभा राहिला ना, तर सांगायला हरकत नाही, मला माझ्या लग्नातला सुगत आठवला.

शिकवणारी एक रिता मॅडम होती, नागपूरचीच, खुशबूहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. तिनं सगळ्या नव्यांना समजावून सांगितलं की सडकेची पूर्ण रुंदी वापरा, वळणात गाडी झुकवा, नजर पुढं ठेवा. पहिली फेरी सुटली. मी तारेच्या जाळीला चिकटून उभी.

पहिल्याच वळणाला आवाज आला: पोंऽऽ पोंऽऽ! सुगत! वळण आलं म्हणून त्यानं हॉर्न दिला होता. तलावाच्या वळणावर रोज देतो तसा. पुढच्या वळणाला पुन्हा पोंऽऽ. आणि चालला होता सडकेच्या अगदी डाव्या कडेनं, समोरून ट्रक येईल तर त्याला जागा असावी म्हणून. बाकीचे त्याच्या उजवीकडून असे सूं सूं निघून जात होते. एकामागून एक. मी मोजायचं सोडून दिलं. पोरंपोरी जाळीशी उभी राहून हसत होती आणि मला त्यांच्या एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

फेरी संपली. रिता मॅडम हसत हसत आली, पण चांगली होती, तिच्या हसण्यात टोचणी नव्हती. "काका, इथं समोरून कुणी येत नाही. गाय नाही, माणूस नाही. हॉर्नची गरज नाही." आणि तिनं सरळ हॉर्नची वायर काढून टाकली. सुगतनं एकदा बटण दाबून पाहिलं. काही वाजलं नाही. त्याचा चेहरा मला बघवेना. खुशबू जवळ आली, पाण्याची बाटली दिली, म्हणाली, "पप्पा, मजा येऊन राहिली न?" त्यानं मान हलवली. तिनं त्याला मागं पडताना पाहिलं होतं. त्याला ते माहीत होतं.

दुसऱ्या फेरीत तो डावी कड सोडून मधोमध आला. आणि उजव्या वळणांना, खरं सांगते, तो छान झुकत होता! गाडी कशी अलगद आडवी व्हायची आणि अलगद उभी राहायची. मी ओरडले, "वा!" पण डावं वळण आलं की गाडी काठीसारखी ताठ. उभ्याच्या उभ्या ती वळण घ्यायची, त्यासाठी त्याला जवळजवळ थांबावं लागायचं, आणि मागचे सगळे तिथंच त्याला ओलांडायचे. उजवीकडं कमावलेलं डावीकडं जायचं.

फेरीनंतर रिता मॅडम गाडीजवळ येऊन बसली. "सर, एक विचारू? तुम्ही उजवीकडं एवढं सुंदर झुकता, मग डावीकडं काय होतं? डावीकडं कधी पडला होता का? पाय दुखतो?"

"नाही," सुगत म्हणाला. "काई नाही होत." तो खरंच गोंधळला होता. "मी झुकाले पाहातो. गाडीच झुकत नाही."

तिनं गाडी हलवून बघितली, हँडल बघितलं, टायर बघितला. मी बाजूलाच उभी होते. माझी नजर गेली ती गाडीच्या डाव्या बाजूला, जिथं रंग घासून पत्रा उघडा पडला होता. टाकीची जागा. सोमवार ते शनिवार टाकी, आणि रविवारी...

 मला असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या कानाशी 'बैलगाडी पुढं गेली' म्हणून बडबडत होते, आणि हा माणूस इतकी वर्षं, प्रत्येक डाव्या वळणाला, गाडी ताठ धरून मला नेत होता, माझा पाय घासू नये, मी घसरू नये म्हणून. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आणि मला तरी कुठं माहीत होतं? मला रडू आलं आणि मी ओरडले. माझं रडू नेहमी ओरडूनच बाहेर पडतं.

"अहो! आज टाकी घरी आहे! आन् मी मांगं बसलेली नाही! मी येथी उभी आहे, पाहा! आता झुका न!"

आजूबाजूच्या पोरांनी वळून पाहिलं. रिता मॅडमनं माझ्याकडं पाहिलं, मग घासलेल्या पत्र्याकडं, आणि उठून सुगतच्या पाठीवर थाप मारली. सुगत माझ्याकडं बघत राहिला. नंतर त्यानं टोप चढवला, पण त्याआधी मला दिसलं, तो हसत होता. पाठीसकट.

तिसरी फेरी.  पहिलं डावं वळण आलं. गाडी थोडी झुकली, अगदी थोडी, आणि घाबरून पुन्हा उभी राहिली. दुसरं आलं, आणखी थोडी. मी जाळी हलवत होते, "झुका! झुका!" तिसऱ्या डाव्या वळणाला गाडी अशी आडवी झाली की माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग तशीच, अलगद, वळणाच्या शेवटी उठून सरळ निघून गेली. त्या वळणात नागपूरचा एक मोठी चकचकीत गाडी घेऊन आलेला गडी होता. सुगत त्याच्या पुढं गेला! डाव्या वळणात! मी हातातला झेंडूचा हारच हवेत फेकला. शेजारची अनोळखी पोरगी माझ्या गळ्यात पडली, मी तिच्या पडले.

आणि मग सरळ सडक आली, आणि मागून खुशबूची गाडी. मी तिला लांबूनच ओळखलं. ती गाडीवर अशी पालथी झोपली होती, कोपरं आत. ती बापाच्या जवळ आली. बाजूला आली. क्षणभर दोघं बरोबर होते, आणि मला कळेना कुणासाठी ओरडू. मग ती पुढं गेली. सुगतनं वेग कमी केला नाही, रस्ताही अडवला नाही. त्याची मान फक्त तिच्याकडं वळली आणि ती वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत तशीच राहिली, नजर पुढं ठेवा म्हणून इतकं शिकवलं होतं तरी.

फेरी संपवून तो आला, टोप काढला, घामानं भिजलेला, आणि श्वास घेता घेता पहिली गोष्ट तो मला हीच म्हणाला: "पाह्यलं का? तिनं मले कसं कापलं? मी हॉर्न वाजवाले गेलो खुशीनं, त तो वाजेचना! मंग तोंडानंच वाजवला. टोपातल्या टोपात. पोंऽऽ पोंऽऽ!" खुशबू आली. ती थोडी भीतभीतच आली, मला कळलं. तिला वाटत होतं बाप रागावेल. त्यानं तिला उचलूनच घेतलं, चामड्याच्या पोशाखासकट, दुखऱ्या गुडघ्यासकट.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम शाळेला उशिरा निघाले. सुगतबरोबर टपरीवर गेले. तिथं अर्धं गाव जमलेलं.

"कितवा नंबर, डाक्तर?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

मला वाटलं, आता गाय येते. इतक्या वर्षांची सवय. सुगतनं टाकी हातानं सावरली, घसा साफ केला.

"माह्या पुढं बहुत जन गेले," तो म्हणाला. "माही पोरगी बी गेली. गायगिय काई नव्हती. मीच हळू होतो."  त्यानं एका दमात पुढचंही सांगून टाकलं. "आन् आयका. त्या दिवशी नाटकाच्या टायमाले मी पवनीले गेलोच नव्हतो. पुंडलिकराव मले राइस मिलपाशीच भेटले."

लक्ष्मणराव चहा गाळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "मालूम आहे," ते म्हणाले.

"मालूम आहे?"

"पुंडलिकरावनंच दुसऱ्या दिवशी येथी बसून सांगतलं. तुमी यायच्या पयले."

"मंग कोनी बोललं काहून नाही?" सुगतचा आवाज चढला. मी त्याचा आवाज चढलेला फार कमी वेळा ऐकला आहे.

लक्ष्मणरावांनी कप पुसला, नेहमीसारखा. "तुमी खुशीत होते न, डाक्तर. आन् आमालेबी सांगाले काईतरी पाह्यजे होतं." त्यांनी कप त्याच्या हातात दिला. "ते जाऊ द्या. पोरगी पुढं कशी गेली ते सांगा."

आजवर टपरीवर तो फक्त चहा प्यायचा, बोलायचे बाकीचे. त्या दिवशी तो उठला, कप हातात घेऊनच हँडल धरल्यासारखा उभा राहिला आणि सांगायला लागला. डावीकडं झुकला तेव्हा अर्धा चहा लक्ष्मणरावांच्या बाकावर सांडला. खुशबू बाजूनं निघाली त्या जागी आल्यावर त्यानं तोंडानं इतका मोठा हॉर्न वाजवला की बसस्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली. पुन्हा सांगा, म्हणाले लोक. त्यानं पुन्हा सांगितलं. मला शाळेला खरोखरच उशीर झाला.

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या माहेरी, करडीला निघालो. टाकी घरी, मी मागं, पाय डावीकडं. तलावाच्या पाळीवर तेच डावं वळण आलं. सुगतनं हॉर्न दिला, गाडी हळू केली आणि काठीसारखी ताठ ठेवून वळण घेतलं.

"झुका न थोडे," मी म्हटलं. "आता त येते तुमाले."

"तू बसली आहे न मांगं."

"मंग?"

"म्हनूनच त."

मागून एक स्कूटी हॉर्न वाजवत आली आणि आम्हाला ओलांडून पुढं गेली. मी त्याच्या खांद्यावरचा माझा हात फक्त थोडा घट्ट केला.